हजेरीवरची मंगल

माळटेक वस्ती, ता. कवठे महांकाळ
७ जुलै २०२४

तीर्थरूप आबांस,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसला, आणि तरी तुम्ही पारावर सांगून आलात म्हणे की पोरीला मिरजेला नेमलंय. मिरजेला नव्हे, कवठे महांकाळला, आणि तिथूनही आत. तुमचे कान तोफखान्यानं घेतले ते घेतले, आता मी पत्रच लिहीत जाईन. इथे पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. टाकीवर चढून आजोबांशी भांडणारी बाई पोरांनी बघितली तर माझा दरारा काय राहील?

शाळा दोन खोल्यांची आहे. पहिली ते पाचवी, आणि शिक्षक आम्ही दोघं. दुसरे सर बदलीच्या यादीत आहेत, त्यांचा जीव इथे नाही. पण शाळा चांगली आहे, आबा. वस्ती सगळी मेंढरं राखणाऱ्यांची. दसरा झाला की आईबाप मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतात, थेट आपल्या कराडकडे, आणि पाऊस लागताना परततात. म्हाताऱ्या मात्र आता मागे राहतात, नातवंडांना शाळा आहे म्हणून. पूर्वी सगळं बिऱ्हाडच घोड्यावर लादून जायचं. धोंडुबाई नावाच्या एक आजी शाळेच्या कुंपणाशी बसून लोकर पिंजत असतात. त्यांना वाटतं मी पोरांना मारत नाही म्हणजे मला नीट शिकवता येत नसावं.

त्यांची नात मंगल पाचवीत आहे आणि धाकटा इंद्रजित पहिलीत. मंगलविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिसेल ते वाचते. वस्तीवर मेंढरांच्या औषधाची बाटली आली, विजेचं बिल आलं, लग्नाची पत्रिका आली की बायका तिला हाक मारतात. वाचताना एका कानात बोट घालते, कारण दुसऱ्या बाजूला इंद्रजित बडबडत असतो. परवा मी फळ्यावर ‘माझी सुट्टी’ हा निबंध दिला, तर तिनं उभं राहून विचारलं की बाई, मेंढरांस्नी सुट्टी नसती, मग आमी कुणाची लिवायची? नंतर वर्ग सुटल्यावर मागे थांबली आणि हळूच विचारलं, नुसतं वाचायची नोकरी असती का. मी असते म्हटलं. कुठली, ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

आजीला सांगा, तिनं दिलेली चटणी संपत आली. तुमच्या लोभाचं मात्र तसं होऊ देऊ नका.

तुमची,
प्रियदर्शनी


मलकापूर
ता. कराड, २१ जुलै २०२४

चि. प्रियदर्शनीस,
ज्ञानू सुभेदाराचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र पावलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तुज्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणती येवढं मोठ्यानं वाचू नगा, चार घरं ऐकत्यात. मला काय ठावं मी किती मोठ्यानं बोलतोय!

मंगलला सांग, नुसतं वाचायची नोकरी लष्करात असती. साहेबाचं टपाल फोडून वाचायला एक क्लार्क असतो, त्यो दिसभर दुसरं काय बी करत न्हाई. आमच्या पलटणीतला तर येवढा लठ्ठ झाला हुता की परेडला त्येला मागच्या रांगंत दडवायला लागायचं. मी सवता शाळंत चौथीपतूर बी गेलो न्हाई, लिवायला वाचायला पलटणीत शिकलो. तवा उशिरा का हुईना, अक्षर कामाला येतं.

तुज्या बापाचा फोन आलता. जयराज म्हणतो तिकडं सरहद्दीवरच्या बर्फात थंडी लय हाय. म्हणला पोरीला सांगा, तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून निमूट काढायची, कायम झाली की मंग काय ते बोलायचं. मी हो म्हणलो. तू बी हो म्हण. चटणी एस्टीनं धाडलीया.

आमची माया काय हितं वजनावर मिळत न्हाई, लागंल तेवढी न्हे.

तुझा,
आबा


माळटेक वस्ती
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रात गंमत नाही, म्हणून आजीला हळू आवाजात वाचून दाखवा.

शाळा बंद होते आहे. कागदावर तिला ‘समायोजन’ म्हणतात. वीसच्या आत पट असलेली शाळा मोठ्या शाळेत मिसळायची, असं वरून आलं आहे. आमच्या वर्गांत पोरं वीसच्या वर बसतात आबा, पण ती बसलेली मोजत नाहीत. ज्यांचं आधार ऑनलाइन जुळतं तेवढीच मोजतात. मंगलच्या आधारावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. वस्तीवरच्या निम्म्या पोरांची तीच आहे, कारण शिबिरात आलेल्या माणसानं घाईत सगळ्यांना तीच टाकली. शाळेच्या रजिस्टरात खरी तारीख आहे. ती दोन्ही जुळत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी मंगल नाही. इंद्रजितचे अंगठे मशीन घेत नाही, म्हणून तोही नाही. मी जुलैपासून तालुक्याला खेटे घालते आहे. दर वेळी सांगतात, पुढच्या शिबिराला या.

मोठी शाळा डांबरी रस्त्याच्या पलीकडे आहे. मध्ये ओढा आणि मग तो मोठा हायवे. केंद्रप्रमुख पालकांच्या बैठकीत म्हणाले की पोरांसाठी गाडी मिळेल. धोंडुबाईंनी विचारलं की कवा मिळंल. ते म्हणाले प्रस्ताव गेला आहे. धोंडुबाई म्हणाल्या की आवं सायेब, प्रस्तावात बसून पोरं जाणार व्हय? सगळे हसले, साहेबही हसले, आणि बैठक संपली.

नंतर ज्योतिबा, म्हणजे मंगलचे वडील, माझ्याकडे आले. फार थोडं बोलणारा माणूस. म्हणाले की बाई, शाळा दाराशी हुती म्हणून म्हातारीला मागं ठिवत हुतो. त्या हायवेवरनं पोरांस्नी रोज न्यायला-आणायला तिच्या पायात बळ न्हाई. आमी न्हेतो पोरं संगं. मी त्यांना थांबा म्हणू शकले नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होते?

मंगलनं मला एवढंच विचारलं, की बाई, शाळा आमच्यामुळं बंद झाली का. मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

मलाही त्या मोठ्या शाळेतच टाकलं आहे. काय करावं ते सांगा. दोन ओळी लिहा, पण लिहा.

तुमची,
प्रियदर्शनी


मलकापूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

दोन वळी लिव म्हणलीस, लिवतो. वरनं हुकूम आला की पाळायचा. चौकी सोड म्हणलं तर सोडायची, मंग ती कितीका चांगली असंना. नव्या जागी जा, तितली पोरं बी पोरंच हाईत. डोळ्यांत पाणी आणू नगो.

तुजी आजी म्हणती हे काय लिवताय. ती म्हणती चौकी सोडल्यावर कुणाची पोरं मेंढरांमागं जात न्हाईत. तिचं म्हणणं तिच्या नावानं लिवलंय.

काळजी घे. घरची याद आली तर शनवारी ये, पुरणपोळी तयार हाय.

तुझा,
आबा


कवठे महांकाळ
२८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

निवडणुकीच्या ड्युटीत पत्राला उशीर झाला. तुमच्या दोन ओळींनी राग आला होता, आजीच्या दोन ओळींनी तो उतरला.

नव्या शाळेत मुलं पुष्कळ, खोल्या कमी. मी पाचवीला आहे. पहिल्या दिवशी हजेरी घेतली. मंगलचं नाव घेतलं, कुणी ओ दिली नाही. आमच्या वस्तीवरची निम्मी पोरं येतच नाहीत. काही मेंढरांमागे गेली, काही घरी धाकट्यांना सांभाळतात, आणि जी हायवे ओलांडून येतात ती धापा टाकत प्रार्थना संपल्यावर पोचतात. मी गैरहजेरी लिहिली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक वीरधवल सरांनी बोलावून चहा दिला. माणूस वाईट नाही हो. घरी भाकरी नसणाऱ्या मुलांना स्वतःच्या डब्यातली देतात. ते म्हणाले की मॅडम, ती मुलं आपल्या पटावर आहेत, त्यांना हजर लावायचं. शाळा बंद केल्यावर एकाही मुलाची गळती झाली नाही असं वरती कळवायचं असतं, नाहीतर बंद का केली असा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न कुणालाच नको असतो.

आबा, मी हजर लावते आहे. रोज. मंगल ज्योतिबा, हजर. ती कुठल्या रानात आहे मला माहीत नाही.

म्हणून एक विनंती. यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा नि बिऱ्हाडांचा तळ, विटा-कडेगावच्या वाटेनं तुमच्याकडेच उतरतो. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात ना, त्यांच्यात विचाराल का? ज्योतिबा, धोंडुबाई, एक पांढरी घोडी. सापडली तर मंगलला एवढंच सांगा की बाईंनी विचारलंय. आणि जमलं तर तुमच्याकडच्या शाळेत थोडे दिवस बसू देतील का ते बघा. फिरत्या मुलांना जिथे असतील तिथल्या शाळेनं घ्यावं असा नियम आहे.

तुमच्या गुडघ्यांचा विचार न करता हे लिहिते आहे, माफ करा. लोभ धरून आहात, म्हणूनच हक्कानं मागते.

तुमची,
प्रियदर्शनी


मलकापूर
२२ डिसेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

घावली.

गुडघ्यांचं सोड. ऋषिराजच्या मोटरसायकलवर मागं बसून कृष्णाकाठची रानं पालथी घातली. तुजा भाऊ म्हणतो आबा, ह्या पेट्रोलमधी मुंबई झाली असती. जितं वाडा दिसंल तितं उतरायचो. एक तर मी बहिरा, त्यात वरडून बोलतो, त्यामुळं कुत्री अंगावर यायची आन् माणसं कवा कवा लांबूनच न्हाई म्हणायची. शेवटी धा-बारा दिसांमागं तुटलेल्या फडात पांढरी घोडी दिसली. कडंला एक पोरगी कोकराला पाजत बसल्याली. मी म्हणलो मी प्रियदर्शनी बाईंचा आबा. ती उठली, कोकरू तसंच हातात, आन् म्हणली की मंग पत्र दावा.

मी तुजं पत्र खिशातनं काढून दिलं. तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं. ‘रोज हजर लावते’ तितं आली आन् थांबली. मला इचारलं की ह्ये खरं हाय का. मी म्हणलो हाय. ती म्हणली, मंग मी पास हुणार का?

ज्योतिबानं च्या दिला. पोरगी ठेवायचं म्हणल्यावर उठून मेंढरांकडं गेला. दुसऱ्या दिवशी तुजी आजी सवता गेली. ती आन् धोंडुबाई घोडीच्या सावलीला बसून लय वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं न्हाई, पण उठताना धोंडुबाईनं आजीच्या हातात पोरीचा हात दिला. इंद्रजितला न्हेऊ म्हणलो तर त्यो धोंडुबाईच्या लुगड्याला धरून रडाया लागला, तवा त्येला ठिवला तितंच.

मंगल आता आपल्या घरी हाय. तुज्या जुन्या खोलीत झोपती. पैल्या दिशी पलंगावर झोप लागंना, खाली हातरून घेतलं. वाडा पुढं पाटणच्या अंगाला सरकला, पण ज्योतिबा आठवड्याच्या बाजारला येऊन भेटून जातो. हितल्या शाळंच्या मोठ्या बाईंस्नी मी भेटलो. चांगल्या हाईत. म्हणल्या बसू दे, नाव घालायचं मागनं बघू.

तुजी आजी बनुबाई आता माज्याशी बोलतच न्हाई, सगळं तिच्याशी. तिला शेंगदाण्याच्या पोळ्या करून घालती. मला शिळी भाकरी. आमच्यावर लोभ असू दे, हितं कमी पडतुया.

तुझा,
आबा


कवठे महांकाळ
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी वर्गात वाचलं आणि पोरांना गृहपाठ माफ केला. कित्येक महिन्यांनी मला झोप लागली.

पण आता ऐका. तुमच्या शाळेच्या बाईंनी मंगलचं नाव घालायला ऑनलाइन मागणी पाठवली. ती आमच्याकडे मान्य झाल्याशिवाय तिचं नाव तिकडे चढत नाही. मी वीरधवल सरांना सांगितलं, नाव सोडा. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावलं. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात. वस्तीवरची नावं सुटली तर पट उतरेल आणि एक जागा जाईल. सर्वांत नवी मी. जागा माझीच जाईल. ते म्हणाले की मॅडम, मी तुमच्यासाठीच नाव अडवून धरलंय.

आणि आणखी एक. मंगलचं आधार आता जुळलेलं आहे. जुलैपासून मला जे जमलं नाही ते या शाळेनं एका दुपारी केलं. आधार दुरुस्त नाही केलं, रजिस्टरातली खरी जन्मतारीख खोडून एक जानेवारी केली. झालं. आमच्या वस्तीवर हेच केलं असतं तर शाळा राहिली असती. मला ते सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी केलं नसतं, असं मला आजवर वाटत होतं. आता खात्री नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले की अडीच वर्षं राहिली, तोंड मिटून काढ, पोरगी शिकते आहे ना, मग नाव कुठे का असेना. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. पण रोज सकाळी रिकाम्या जागेकडे बघून हजर म्हणताना वर्गातली बाकीची पोरं माझ्याकडे बघतात. त्यांना माहीत आहे ती नाही. मी त्यांना काय शिकवते आहे?

मी तालुक्याच्या कार्यालयाला लेखी कळवायचं ठरवलं आहे. कोण येतं, कोण येत नाही, आणि नावं सोडावीत. तुम्ही हुकूम पाळ म्हणालात तर या वेळी ऐकणार नाही, आधीच सांगते.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
प्रियदर्शनी


मलकापूर
१३ एप्रिल २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

तू कार्यालयाला लिवलंस त्ये बरं केलंस. मला वाटलं हुतं तसं मी रागावलो न्हाई. पण आज जे लिवायचं हाय त्येला हात उठंना, चार दिस झालं.

मंगल गेली.

पोरगी तीन म्हैने रोज शाळंत गेली. सकाळी वेणी घालून आजीच्या आदी तयार. वर्गातल्या पोरींनी मेंढरांचा वास येतो म्हणून पैल्यांदा तरास दिला, मंग तिनं एकीला गणित दावलं आन् त्यो बी संपला. बाईंनी पुस्तकं दिली, खिचडी दिली, सगळं दिलं. फकस्त हजेरीला तिचं नाव घेत नव्हत्या. नाव पटावर न्हाई, मंग घेणार कसं? हजेरी चालली की ती खाली बघून पाटीला बोट लावत बसायची, असं बाईंनीच मला मागनं सांगितलं.

मंग पाचवीची परीक्षा आली. छापलेले पेपर नावापरमाणं मोजून येत्यात. त्यात हिचा न्हाई. बाई म्हणल्या मी हातानं लिवून देते. पण त्या दिशी वरनं कुणी तपासाय येणार हुतं, तवा पटावर नसलेलं पोर वर्गात दिसू नये म्हणून तिला ग्रंथालयाच्या खोलीत बसवलं. येकटी. पेपर सोडवलाच न्हाई तिनं. दप्तर घेऊन घरी आली आन् आजीला म्हणली माजी जुनी कापडं द्या.

आजीनं इचारलं काय झालं. तवा म्हणली की आजी, तितं मी न जाता हजर हाय, आन् हितं मी बसून गैरहजर हाय. मंग कशाला बसायचं?

प्रियदर्शनी, मी दोन लढाया बघितल्या. पर त्या पोरीच्या तोंडाकडं बघायला माझी छाती झाली न्हाई. मी तसाच शाळंत गेलो, लय वरडलो. बाई रडल्या. म्हणल्या आबा, मला बी वरनं हुकूम असतो. त्यो शब्द ऐकला आन् मी खाली बसलो. मंग त्यांनीच मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिशी ज्योतिबा आला. धोंडुबाईला ताप हाय, उठवत न्हाई, सैपाकाला माणूस न्हाई, मंगलच्या आईच्या कडंवर यंदाच झाल्यालं तान्हं पोर हाय. त्यो पोरीला मागायला आलता आन् मागायच्या आदीच पोरगी गठुडं घेऊन उंबऱ्यावर उभी. आजीनं लय अडवली. पाया पडली आन् गेली.

घर मोकळं झालं गं. तुजी आजी जेवत न्हाई नीट. तू धीर सोडू नगो.

तुझा,
आबा


कवठे महांकाळ
११ मे २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. आल्यापासून पहिलीच रजा.

कार्यालयाचं उत्तर आलं. शाळेच्या अहवालाप्रमाणे समायोजित विद्यार्थ्यांची उपस्थिती समाधानकारक असून तक्रारीत तथ्य आढळत नाही. ज्या हजेरीच्या आधारे हे ठरवलं ती हजेरी माझ्याच हस्ताक्षरात आहे आबा. नोव्हेंबरपासूनची. त्यावर बोट ठेवून मलाच विचारलं की मॅडम, तुम्ही तेव्हा खोटं लिहीत होता की आता लिहिता आहात. मी म्हटलं तेव्हा. तेही त्यांनी लिहून घेतलं.

निकालाच्या वेळी वीरधवल सरांनी मंगलचे गुण भरायला सांगितले. मी नाही भरले. दुसऱ्या कुणीतरी भरले. मंगल पाचवी पास झाली आहे. भाषेत तिला काठावर टाकलंय. आबा, भाषेत! मला सगळ्यात जास्त त्याचाच राग आला, हसू नका.

पट तसाच आहे, तरी मला अतिरिक्त, म्हणजे जादा, ठरवून जत तालुक्यात, कर्नाटकच्या कडेच्या एका शाळेत पाठवलं आहे. तिथे पोरं घरी कन्नड बोलतात. शिक्षण सेवकाचा काळ समाधानकारक झाला की नाही ते पुढे बघणार आहेत. बाबा फोनवर म्हणाले की जेवण वेळेवर करत जा. एवढंच. त्यांना जे बोलायचं नव्हतं ते मला समजलं.

जाण्याआधी मी माळटेकला गेले होते. शाळेच्या एका खोलीत कडबा भरलाय. दुसरीला कुलूप आहे.

मी जवळजवळ तीन महिने तिला हजर लावलं, आणि मग खरं सांगितलं तेव्हा ते कुणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार सोडत नाही. तुम्ही सोडवायचा प्रयत्न करू नका, फक्त पत्र लिहीत राहा.

तुमची,
प्रियदर्शनी


मलकापूर
२२ जून २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

जतच्या पत्त्यावर पैलंच पत्र. पोचलं तर कळव.

धोंडुबाई गेली. मे म्हैन्यात, पाटणकडं, वाड्यावरच. तितंच वढ्याकाठी सगळं उरकलं. आमाला मागनं कळलं. तुजी आजी त्या दिशी जेवली न्हाई, एकदाच भेटल्याली बाई, पर जलमाची वळख असल्यागत.

गेल्या आयतवारी वाडा परतीच्या वाटंवर हितनं निघाला. सकाळीच ज्योतिबा दारात. मागं मंगल, आन् तिच्या हाताला इंद्रजित. लय उंच झालीया पोरगी. कडंवर तान्हं. ज्योतिबा जमिनीकडं बघून म्हणला की सुभेदार, तुमी पोरगी मागत हुता, मला ती देता येत न्हाई, तिची आई मेंढरांमागं असती, आता चूल हिच्याकडं हाय. पोरगा ठिवून घेता का?

मी म्हणलो दोघं ठिव. आजी म्हणली दोघं ठेवा, तान्हं बी ठेवा, मी समद्यांस्नी बघते. ज्योतिबानं मान वर केली न्हाई. त्येचे डोळे भरल्यालं मला दिसलं. त्यो वाईट माणूस न्हाई. मंग मंगलच बोलली. म्हणली की आजी, माजं नाव हाय तितं, त्येला काय धक्का न्हाई, मी सहावीत गेले म्हंत्यात. ह्येचं नाव हितं घाला, आन् लवकर घाला.

मंग तिनं नळावर त्येचं हातपाय धुतलं. तोंड पुसलं. आजीला सांगितलं, की ह्यो कुत्र्याला भ्येत न्हाई पर मोठ्या आवाजाला भितो, तवा आबांस्नी हळू बोलाया सांगा. भाकरीचा पापुद्रा काढून दिला तरच खातो. ‘श’ आन् ‘स’ मधी चुकतो, तवा त्येला हसायचं न्हाई. आईनं सांगावं तसं समदं सांगितलं. पोरगं रडाया लागलं तवा त्येच्या कानात कायतरी बोलली. त्यो गप झाला.

आजीनं भाकरी बांधून दिली, ती घेतली. मी तुजं पुस्तक, गोष्टींचं, तुज्या खोलीतलं, आणून पुढं केलं. तिनं तान्हं ह्या कडंवरनं त्या कडंवर घेतलं आन् म्हणली की आबा, हात मोकळा न्हाई. मी पिशवीत घालाया गेलो तर म्हणली, ऱ्हाऊ द्या, इंद्रजितला कामाला येईल. आन् निघाली. मेंढरं हायवेला लागल्याली, गाड्या हारन वाजवत हुत्या, ती पळत पुढं जाऊन कडंला हाकाया लागली. मागं वळली न्हाई. वळाया सवडच नव्हती तिला.

इंद्रजितचं नाव लागलीच चढलं. एका दिसात. तुज्या जुन्या शाळंनं कायबी आडवलं न्हाई, जागांचं ठरून गेलं असंल आता. परवापासनं शाळंत जातोय. घरी आला की उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघतो. मी जवळ बसतो, बोलत न्हाई.

तुजी आजी रोज इचारती, पुढच्या हंगामाला वाडा आला की पोरगी ऱ्हाईल का आपल्याकडं. मी ऱ्हाईल म्हणतो. ती मंगलचं हातरून रोज झटकून ठिवती.

तू सवताला लावून घेऊ नगो म्हणणार हुतो, पर तू सोडवू नगो म्हणलीस, तवा न्हाई म्हणत. माज्या जिवाला बी लागलंय, दोघं मिळून वागवू. तुज्या तितल्या शाळंत पोरी किती हाईत, आन् त्या खरंच येत्यात का, येवढं मला लिवून कळव.

तुझा,
आबा